भीतीचा वास

"हेमांगीताई, आधी शांत व्हा. शांत झालात की दार आपोआप उघडेल," स्पीकरमधून गायतोंडे साहेबांचा आवाज आला.

शहर बससेवेच्या रोकड खोलीत हेमांगी तांडेल दाराशी उभी होती. नवऱ्याच्या छातीत कळ आल्याचा निरोप आत्ताच आला होता. पण हे दार माणसाच्या घामातली भीती हुंगायचं. चोर घाबरलेला असतो, म्हणून घाबरलेल्या माणसाला ते बाहेर सोडत नसे. ते बसवल्यापासून पहारेकरी गेले, झडतीही बंद झाली.

"साहेब, हाताने उघडा ना!"

"तशी सोयच ठेवलेली नाही हो."

तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. दार हललं नाही.

तेवढ्यात तिच्या शेजारच्या टेबलावर नोटा मोजणारा वामन कुडाळकर उठून दाराशी आला. त्याच्या शर्टाखाली नोटांची पुडकी खोचलेली तिला स्पष्ट दिसली.

"वामनदादा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"पहिल्या वेळीसुद्धा नाही वाटली गं," तो हळूच म्हणाला. दार एका माणसापुरतं उघडलं आणि त्याच्यामागे मिटलं.

"साहेब, तो पैसे घेऊन गेला!"

"दाराने सोडलं ना त्याला? मग झालं तर."

हेमांगी दारावर मुठी आपटत राहिली. बऱ्याच वेळाने स्पीकर पुन्हा खरखरला.

"ताई, दवाखान्यातून फोन होता. ते गेले."

तिच्या मुठी खाली आल्या. तिला रडूही आलं नाही. आता भ्यावं असं काही उरलंच नव्हतं.

दार उघडलं.