यंदाची आवृत्ती

दरवर्षी फुटबॉलचा नवा व्हिडिओ गेम आला की परीक्षण लिहिण्याआधी मृणाल त्यात भावाला शोधायची. खेळाडूंच्या जर्सीतल्या सेन्सरवरून गेम त्यांचं पुढचं वर्ष दाखवायचा, आणि तो कधीच चुकला नव्हता. यंदाच्या गेममध्ये आजच्या फायनलनंतरच्या सामन्यांत तिचा भाऊ इंद्रजित मैदानावर दिसेना. तो प्रेक्षकांत कुबड्या घेऊन बसला होता.

खरा इंद्रजित शेजारी बुटांच्या नाड्या बांधत होता. त्यानं स्क्रीनकडं पाहिलं.

"कुठला पाय, अक्का?"

"उजवा."

"आणि आजची मॅच?"

"जिंकतोय आपण."

उजव्या बुटाची नाडी सोडून त्यानं पुन्हा घट्ट बांधली.

"यायला उशीर होईल," म्हणत तो बाहेर पडला.

मृणालनं परीक्षणात लिहिलं, यंदा प्रेक्षकांचे चेहरे अधिक जिवंत वाटतात.