दर सोमवारी उघडणारी पेटी

"लेखी कळवलं होतं का?" बँकेच्या मॅनेजर मनाली मॅडमनी मान वर न करता विचारलं.

"हो," प्रितम म्हणाला. "चिठ्ठ्या टाकल्या होत्या. त्या पेटीत."

भिंतीवर तक्रारपेटी होती. वर लिहिलेलं : दर सोमवारी उघडली जाईल. कुलूप गंजलेलं.

मॅडम हसल्या. "चार वर्षं मी याच खुर्चीत आहे. तुमचा एक कागद आलेला नाही. कर्जाचे हप्ते बाउन्स झाले, त्याचा दंड. बॅलन्स नव्हता, त्याचा दंड. त्यावर जीएसटी. एकतीस हजार. उद्या पगार आला की आपोआप कापले जातील."

मरोळच्या नव्या कंपनीतला पहिला पगार. सोळा हजार. दीड वर्ष आजारपणात गेल्यावर मिळालेलं काम. बँक तो गिळणार होती, आणि पुढचाही.

"पेटी उघडा," प्रितम म्हणाला.

शेजारी बसलेल्या शीतलने त्याचा हात दाबला. "दादा, राहू दे ना. डॉक्टर काय बोलले? त्या वेळचं आठवतं ते सगळंच खरं नसतं."

तेच तर होतं. त्या वेळी त्याला खात्री होती की घरातला पंखा त्याचं बोलणं रेकॉर्ड करतो. पंख्याची पाती त्याने स्वतः उतरवली होती. ते खोटं निघालं. मग चिठ्ठ्या तरी खऱ्या कशावरून? पेटी रिकामी निघाली तर पैसे जातीलच. पण आज सकाळपर्यंत तो ज्या डोक्याच्या भरवशावर मशीन चालवत होता, तेही जाईल.

"उघडा," तो पुन्हा म्हणाला. आवाज चढला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"ओरडायचं नाही हां! शिवदास, यांना बाहेर न्या."

वॉचमन शिवदास आला. त्याने प्रितमकडे पाहिलं, मग पेटीकडे. "मॅडम, उघडून दाखवू ना एकदा. विषय संपेल."

"किल्ली कोणाकडे आहे?"

कोणाकडेच नव्हती. कॅशियरला माहीत नव्हतं, शिपायाला माहीत नव्हतं. शेवटी शिवदासने पेटीच खाली उतरवली आणि शटर ओढायच्या लोखंडी आकड्याने कुलूप हिसडलं. दुसऱ्या झटक्याला ते तुटलं.

प्रितमने डोळे मिटले.

कागद पडल्याचा आवाज आला. एक-दोन नाही. ढीग. कोणाच्या पेन्शनची तक्रार, कोणाचं एटीएम अडकलेलं. त्यात वहीच्या फाडलेल्या पानांच्या नऊ चिठ्ठ्या. नऊ तारखा. अक्षर वाकडंतिकडं, पण त्याचंच.

शीतलने एक उचलून मोठ्याने वाचली. "माझं डोकं ठिकाणावर नाही. कामावर जाता येत नाही. हप्त्याचं काय करायचं ते माझ्या बहिणीला फोन करून सांगा. ती भरेल." खाली नंबर होता. तिचाच.

"मला एक फोन नाही आला," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. "किल्ली हरवली होती... ते माझं काम नव्हतं."

प्रितमने नऊही चिठ्ठ्या एकेक करून त्यांच्या टेबलावर लावल्या.

"मॅडम, माझं तर डोकं फिरलं होतं. तुम्हा लोकांना काय झालं होतं?"