पन्हाळ्याचा चढ

अपघातात डावा पाय दुखावल्यानंतर वर्षभराने केतकी भावासोबत बशीरभाईंच्या गॅरेजमध्ये आली. तिच्या गाडीचा क्लच घसरत होता.

"ऑटोमॅटिक घे. डावा पाय आता साथ देणार नाही," भाऊ म्हणाला.

"बशीरभाई, शर्यतीचाच क्लच बसवा. फ्लायव्हीलही हलकं, इंजिन चटकन उसळी घेईल," ती हट्टाने म्हणाली.

बशीरभाईंनी तिला शर्यतीच्या एका गाडीत बसवलं. कडक पेडल दाबताना पाय थरथरला आणि गाडी गचका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच. भावाने तिच्यासाठी दार उघडलं, तेच तिला जास्त लागलं.

ती खाली उतरली. "मला रोज चालवायचीय. मजबूत, पण हलक्या पेडलचा क्लच द्या. फ्लायव्हील जडच असू दे, म्हणजे गाडी पटकन बंद पडणार नाही."

"आता बरोबर बोललीस, पोरी!" बशीरभाई म्हणाले.

रविवारी नवा क्लच बसवलेली गाडी तिने पन्हाळ्याच्या चढावर मुद्दाम थांबवली. भावाने हँडब्रेक धरला.

"सोड, दादा."

तिने क्लचवरचा डावा पाय सावकाश उचलला. गाडी जराही मागे न येता चढू लागली.