खाडा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी कपाटातून पहिलं हजेरीपुस्तक काढलं, आणि पाहुणे म्हणून आलेले विस्तार अधिकारी विसाव्या नावाशीच अडले.

"सगुणा. इयत्ता पहिली, वय सहा. बारा दिवस गैरहजर. कारण..." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "बाळंतपण? बाई, हे काय लिहून ठेवलंय?"

मुख्याध्यापिका हसल्या. "कारण खरं आहे, साहेब. वय तेवढं खोटं. वीस पोरं भरली नसती, तर मंजूर झालेली शाळा परत गेली असती. गुरुजींनी वाडीतलं घर न् घर पालथं घातलं, तरी एकोणीसच भरली. शेवटच्या घरात त्यांना पाणी द्यायला आलेली सून म्हणाली, 'मग माझं नाव लिवा की. मला तरी कुठं अक्षर येतंय?' बावीस वर्षांची होती."

"म्हणजे पटावर नुसतं नाव!" साहेबांचा आवाज चढला.

"पुढची पुस्तकंही बघा ना."

त्यांनी चारही वर्षांची पानं उलटली. सुगीत हजर, जत्रेच्या दिवशीही हजर. ते बारा दिवस सोडले, तर चौथी पास होईपर्यंत सगुणाचा एकही खाडा नव्हता.

साहेबांनी पुस्तक दोन्ही हातांनी मिटलं. आवाज उतरला होता. "आणि ते बाळ?"

"बारशाच्या दुसऱ्या दिवशी आई मला मांडीवर घेऊन याच वर्गात बसली," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून माझाही खाडा नाही."