पाच बोटं

हुतूतूच्या पहिल्या डावात वरच्या आळीचा गडी नुसतं “शिवलो” म्हणाला आणि पंचांनी आमच्या बौद्धवाड्याचा धोंडिराम बाद दिला. जिंकणारा संघ कोरेगावला तालुक्याचे सामने खेळणार होता. डाव मोडू नये म्हणून आम्ही बांधावर गप्प राहिलो. शेवटच्या चढाईत आमच्या जोतीरामनं कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असलेल्या पंचांच्या पुतण्याला गाठलं. त्याच्या पांढऱ्या बंडीवर मातीची पाच बोटं उमटली. “शिवला न्हाई,” पुतण्या म्हणाला. पंचांनी लगेच त्याचंच ऐकलं. एका गुणानं आम्ही हरलो. “आवं, मगाशी त्यांचा शब्द खरा, आन आता आमची बोटं खोटी व्हय?” मी ओरडलो. पंच शिट्टी खिशात घालून निघून गेले. घरी जाताना वाटेत त्यांचं दार लागलं. पुतण्या पायरी चढत होता. उंबऱ्यातून पंच म्हणाले, “भाईरच आंघुळ कर. जोतीराम शिवलाय तुला.”