लाहोरची बाई

मोहिनीला देशद्रोही ठरवण्यात बद्रीनाथचा फायदा उघड होता. पाकिस्तानशी लढाईचा चौथा दिवस, जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर, आणि सीमा तलवाड्यापासून हजार किलोमीटर लांब. शत्रू गावातच सापडला तर तिकिटाला आणखी काय लागतं?

म्हणून सकाळी दहाला तो वीस जणांना घेऊन अंगणवाडीच्या दारात उभा होता. आत खिचडीच्या पातेल्यापाशी मोहिनी. तिच्यामागे चौदा लेकरं, ताटल्या धरून. बद्रीनाथनं तिचं स्टेटस मोठ्यानं वाचलं: 'लढाई लावणाऱ्याचं लेकरू कधी लढाईत मेलेलं ऐकलंय का?'

"कावून टाकलं हे, मोहिनीबाई? सरकारचा पगार खाती अन् सरकारलाच बोलती?"

"लई शानी झाली," मागून सिदू ओरडला. "काळं फासा हिला!"

त्यानं खरंच काळ्या ऑइलचा डबा आणला होता. एक लेकरू रडायला लागलं. मोहिनीनं पळी पातेल्यात टाकली.

"मी न्हाई लिहिलं!" ती म्हणाली. "लाहोरच्या बाईचं हाय. ती तिच्याच सरकारला बोलती. मी फकस्त मराठी केलं."

दारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"लाहोरची?" बद्रीनाथचा आवाज एकदम मऊ झाला. "मंग आधी सांगायचं ना, ताई! नाव काय तिचं?"

मोहिनीला तिकडचं एकच नाव ठाऊक होतं, फेसबुकवर पाहिलेलं. "नाहिदा बानो."

"वाघीण हाय बे!" सिदू म्हणाला आणि त्यानं डबा पायरीवर ठेवला.

दुपारपर्यंत बद्रीनाथच्या पोस्टवर नाहिदाचा फोटो त्याच्या फोटोशेजारी झळकला, खाली ते वाक्य. संध्याकाळपर्यंत तिच्या फेसबुकवर चाळीस हजार शाबासक्या. 'बहन, हम तुम्हारे साथ हैं.' मोहिनी एकेक वाचत होती. 'थांबा' म्हणायला तोंड उघडेना. डबा अजून पायरीवरच होता.

तिसऱ्या दिवशी तिथं नाहिदाच्या भावाची एकच ओळ दिसली: 'खुदा के वास्ते बस करो. फौजवाले नाहिदा बाजी को उठा ले गए.'

वाक्य मोहिनीचं होतं; तिची नोकरी वाचली. बद्रीनाथला तिकीट मिळालं. गेली ती नाहिदा, जिनं भरतकामाच्या नमुन्यांशिवाय जन्मात काही टाकलं नव्हतं.