कानशिलावरचा दिवा

केतकीने निरंजनच्या ताटात भरली वांगी वाढली आणि नवऱ्याच्या तोंडाऐवजी कानशिलाकडे पाहिलं. मोबाइलचं व्यसन सोडवणाऱ्या केंद्राने तिथे चिकटवलेला टिकलीएवढा दिवा मेंदूत सुखाची लाट उसळली की लाल व्हायचा. आत्ता तो विझलेला होता.

“छान झालीत,” निरंजन म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या घरात कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि निरंजनचा दिवा लालबुंद झाला.

केतकीचा जळफळाट झाला. यापेक्षा सवत परवडली असती, निदान तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या!

“माझ्यासाठी कधी पेटलाय का रे हा?”

“तुझा तरी कुठे पेटतो?”

घरातल्या एकाने सोबत म्हणून आपल्याही कानशिलावर असाच दिवा लावायचा, असा केंद्राचा नियमच होता, आणि तो केतकीने लावला होता.

“मी जवळ बसलो, बोललो, तरी तुझा विझलेलाच. माझ्या कानशिलाकडे बघितलंस की मात्र भडकतो. दिवसभर तेच चाललेलं असतं तुझं.”

“काहीतरीच!” ती फणकारली आणि सवयीने तिने पुन्हा तिकडेच पाहिलं.

त्याचा दिवा विझलेला होता. पुढ्यातल्या स्टीलच्या तांब्यात चमकणारा लाल ठिपका कुणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही.